पन्नास धुण्यांचा शर्ट

परीक्षा दहाला सुरू व्हायची होती, साडेदहाला झाली. अर्धा तास दादाच्या फोनने खाल्ला. दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकवून तो गिरणीच्या माणसाला चौथ्यांदा सांगत होता की आज संध्याकाळपर्यंत नक्की कळवतो. आत कटिंगच्या टेबलाशी त्याचे वडील, म्हणजे घरातले थोरले, हाताची घडी घालून त्याच्याकडे नुसते बघत होते. थोरल्यांचं हे बघणं सगळ्यांना ओळखीचं होतं. दादाने फोन ठेवला आणि आत आला.

टेबल मोकळं केलेलं होतं. कात्र्या, पट्ट्या, खडूचा डबा सगळं खिडकीच्या कट्ट्यावर. उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर एकसारखा राहतो म्हणून टेबल तिथे होतं. त्या उजेडात दोन शर्ट शेजारी शेजारी, बाह्या पसरून, बटणं लावून ठेवले होते. एक फिकट निळा. दुसरा रंग न दिलेल्या कापडाचा, वाळल्या गवताच्या छटेचा.

या घरात तीन पिढ्या एकच वस्तू शिवली जात होती, रोजचा शर्ट. समारंभाचा नाही, साहेबाचा नाही. एक खिसा, सात बटणं, सरळ काप. कापड तेवढं दर तीन वर्षांनी नव्याने निवडायचं, आणि ते कसं निवडायचं हे थोरल्यांच्या वडिलांनी ठरवून ठेवलं होतं. ज्या कापडाची बाजू कुणी घेईल त्याचा एक शर्ट शिवायचा. तो बाजू घेणाऱ्याने घालायचा नाही, विरोध करणाऱ्याने घालायचा. घरच्या इतर कपड्यांबरोबर पन्नास वेळा धुवायचा, ना लाड, ना छळ. दर दहा धुण्यांनी खालच्या दुमडीत एक लाल टाका घालायचा. बटण तुटलं तर लावावं. त्यापलीकडे शर्टाला सुई लागता कामा नये. पन्नास झाली की टेबलावर.

निळं कापड दादाचं. अर्धा कापूस, अर्धं पॉलिएस्टर, धंद्यातल्या भाषेत मिक्स. सुरकुती पडत नाही, तासाभरात वाळतं, रंग उडत नाही. ज्याला सकाळी सहाला कामावर जायचं त्याला इस्त्रीला वेळ नसतो, असं दादा दर वेळी म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

गवती कापड चिमटीचं. चिमटी म्हणजे थोरल्यांच्या दिवंगत धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्याला चिमटा काढून बघायची, एकदा बँकेच्या साहेबांच्या पँटलाही काढला, तेव्हापासून हे नाव. आता ती एकोणतीस वर्षांची होती, कापडाचं रीतसर शिक्षण घेतलेली, आणि चार वर्षं मागावर माग पालथे घालून तिने हे कापड आणलं होतं. उभा धागा कापसाचा, आडवा जवसाच्या देठापासून काढलेला. पिकाला फवारणी जवळपास नाही, पाणी थोडं, धुलाईत ब्लीच नाही.

नियमाप्रमाणे वर्षभर चिमटीने निळा घातला आणि दादाने गवती. तिला उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठलं. ती काही बोलली नाही. दादाही काही बोलला नाही, आणि दादाचं काही न बोलणं ही मोठीला, म्हणजे त्याच्या आईला, जास्त काळजीची गोष्ट वाटली होती.

आधी पुरावे झाले. चिमटीने वॉशिंग मशीनच्या नळीला बारीक जाळी बांधून वर्षभर धुण्याच्या पाण्यातला गाळ जमवला होता. निळ्या शर्टाच्या बरणीत तळाशी फिकट निळा पिंजल्यासारखा थर होता. हे प्लास्टिकचे तंतू आहेत, जाळी नसती तर गटारातून नदीत गेले असते, असं तिने शांतपणे सांगितलं. मग तिने दोन कुंड्यांतून काढलेल्या चिंध्या टेबलावर ठेवल्या. म्हणजे ठेवली एकच. आठ महिन्यांपूर्वी दोन्ही कापडांचे वीतभर तुकडे तिने मातीत पुरले होते. गवती तुकडा सापडलाच नाही, कुंडीत नुसती माती होती. निळ्या तुकड्यातला कापूस मातीने खाल्ला होता आणि पॉलिएस्टर तसंच उरलं होतं, माशाच्या जाळ्यासारखं, शिवणीच्या टाक्यांसकट.

थोरल्यांनी ते जाळं बोटावर घेऊन बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात टिकणं हा शब्द त्यांनी फक्त कौतुकाने वापरला होता. आपल्या वडिलांच्या वेळचे शर्ट त्यांना आठवले: मोठ्याचा शर्ट, मग तोच कापून पोराचा, मग फडकं, मग पायपुसणं, मग काहीच नाही. संपायचे ते. त्यात कुणाला कमीपणा वाटला नव्हता. पण त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. परीक्षा मातीची नव्हती, शर्टाची होती.

निळा शर्ट पाच मिनिटांत पास झाला. कॉलर सरळ, शिवण बसलेली, बटणपट्टी जशीच्या तशी.

गवती शर्टाला त्यांनी पाऊण तास लावला. जवसाचा धागा मजबूत असतो पण पुन्हा पुन्हा एकाच जागी दुमडला तर तडकतो, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून दुमडतं तिथेच ते शोधत गेले. कॉलरची घडी. कफ. काखेची शिवण. कॉलरच्या घडीवर किंचित लव उठली होती. तिथे शुद्ध कापूस वापरता येईल, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग कोपर. उजव्या कोपरावरून त्यांचा अंगठा तीनदा फिरला. कापड घट्ट होतं, अगदी एकसारखं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पास," ते म्हणाले. "दोन्ही पास. आता मतासाठी हात वर करायचे तेवढे राहिले."

दादा भिंतीला टेकून उभा होता. पास हा शब्द ऐकून त्याला हायसं वाटलं, आणि त्याचंच नवलही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा, काउंटरवर बसलेला असताना, त्याचं बोट या शर्टाच्या उजव्या कोपरातून आरपार गेलं होतं. मसुराच्या डाळीएवढं भोक. त्याला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. त्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना त्याने मनात भाषणसुद्धा तयार केलं होतं. पुढच्या आठवड्यात शर्ट घातला तर भोक नव्हतं. आपली चूक झाली असं त्याने आधी धरलं. मग दोन दिवसांनी, आंघोळ करताना, त्याला कळलं. या घरात भोक नाहीसं करणारं माणूस एकच होतं.

त्याने सांगितलं नाही. सुरुवातीला कारण साधं होतं: काकूवर, म्हणजे चिमटीच्या आईवर, आळ घ्यायचा आणि पुरावा काय, तर भोक दिसत नाही. नंतर कारण बदललं. शर्ट दिवसभर अंगावर असून संध्याकाळी वास येत नव्हता. दुपारी काउंटरवर ऊन यायचं तेव्हा पाठीला चिकटत नव्हता. निळ्या कापडाची बाजू तो दुकानात येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याशी अजूनही जोरात मांडायचा, फक्त ती मांडताना अंगात गवती शर्ट असायचा.

चिमटीचा हात सवयीने टेबलावर गेला. पास झाल्यावर माणूस आपल्या वस्तूला हात लावतो तेवढंच. तिने उजव्या बाहीला कोपराशी चिमटा काढला आणि तो तसाच धरून ठेवला.

या कापडाला गाठी होत्या. जवसाचा धागा हातमागावर येताना कधी जाड, कधी बारीक होतो. दर बोटभर अंतरावर एखादी छोटी गाठ हाताला लागते. सगळ्या शर्टभर त्या होत्या. कोपरावर, नखाएवढ्या जागेत, एकही नव्हती. तिथलं विणकाम मागापेक्षाही सुबक होतं.

तिला सगळ्यात आधी वाटलं ते कौतुक. धागा याच शर्टाच्या आतल्या शिवणीतून काढलेला असणार, नाहीतर छटा इतकी जुळली नसती. उभ्याला उभा, आडव्याला आडवा, कडा कुठे सुरू होते ते डोळ्याला सापडत नव्हतं. लहानपणी आईच्या मांडीजवळ बसून तिने हे काम इतकं पाहिलं होतं की आईची एकच खूण तिला माहीत होती: आईचं रफू मूळ कापडाहून जरा जास्त चांगलं असतं.

मग तिला सुईचा नियम आठवला.

थोरले वही उघडत होते. परीक्षेची वही, वडिलांच्या अक्षरापासून चालत आलेली. मोठी म्हणत होती की हात वर करायच्या आधी चहा घ्या, भांडण चहानंतर बरं होतं. आई मागच्या खोलीच्या दारात उभी होती, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. ती चिमटीकडे बघत नव्हती, टेबलाकडेही नाही.

अकरा माग या कापडावर अवलंबून होते. विणकरांना चिमटीने आज रात्रीपर्यंत थांबा म्हटलं होतं. आज नाही झालं तर पुढची निवड तीन वर्षांनी. या खोलीत हे कुणाला कळलेलं नाही, थोरल्या काकांच्या अंगठ्यालासुद्धा नाही, आणि कळणारही नाही. एवढं सगळं तिच्या डोक्यातून जायला लागला तो वेळ फार नव्हता. थोरल्यांनी पेनचं टोपण काढलं.

"मोठे काका, लिहू नका," ती म्हणाली. "इथं रफू आहे."

थोरल्यांनी चष्मा खाली घेतला, बाही उचलली, खिडकीशी नेली, उलटी केली, सुलटी केली. ते दिसत नव्हतं. त्यांनी चिमटीचा हात धरून तिला बोट नेमकं कुठे ठेवायचं ते विचारलं, आणि मग डोळे मिटून त्या जागेवर स्वतःचं बोट फिरवलं. बऱ्याच वेळाने त्यांनी मान डोलावली. त्यांचे कान लाल झाले होते.

"धाकटे," ते दाराकडे न बघता म्हणाले.

धाकटी, चिमटीची आई, पुढे आली. या खोलीत ती परीक्षेच्या दिवशी कधी टेबलापर्यंत येत नसे. कापड निवडणं पुढच्या खोलीचं काम, फाटलेलं सांधणं मागच्या खोलीचं, अशी वाटणी कुणी केली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती.

मागच्या खोलीत दोन टोपल्या असत. एकीत धुतलेले कपडे, दुसरीत दुरुस्तीचे. अठ्ठाविसाव्या धुण्यानंतर गवती शर्ट पहिल्या टोपलीत वर होता आणि कोपर उघडं पडलं होतं. तिच्या हातात सुई आधीपासून होती. भोक दिसलं आणि हात गेला. ज्याला तीस वर्षं एकच काम आहे त्याचा हात परवानगी मागत नाही. हा शर्ट कोणता हे ध्यानात आलं तेव्हा अर्धं रफू झालं होतं, आणि अर्धं रफू सोडून द्यायचं तिला ठाऊक नव्हतं.

एवढंच असतं तर तिने आज मान ताठ ठेवून सांगितलं असतं. पण पावसाळ्यानंतर दुसरं भोक पडलं. त्या वेळी शर्ट हातात घेऊन ती पुष्कळ वेळ बसली होती. नवरा गेल्यापासून सोळा वर्षांत तिच्या मुलीने या घराकडे काही मागितलं नव्हतं. कापड मागितलं, तेही स्वतःसाठी नाही. तिची चार वर्षं मसुराएवढ्या भोकातून गळून जाताना बघवेना, आणि आईकडे त्यावर इलाज होता.

"उजवं कोपर हातून झालं, भाऊजी," ती म्हणाली. "डावं मी केलं."

डाव्या कोपराचं कुणी विचारलं नव्हतं. चिमटीने आईकडे पाहिलं. तिला माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं की मोठीने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उगाच पदराने हात पुसले.

थोरल्यांनी डावी बाही पाहिली नाही. त्यांनी वही समोर ओढली.

"नापास," ते म्हणाले.

"हो," चिमटी म्हणाली. "नापास."

तिचा आवाज स्वच्छ होता. थोरल्यांना त्या आवाजात काही फुटेल असं वाटलं होतं, पण फुटलं नाही. लिहिताना त्यांचं अक्षर मात्र नेहमीसारखं आलं नाही. वडिलांनी नियम केला तेव्हा घरात पाच पुरुष होते आणि नियम मोडायला प्रत्येकाकडे कारण होतं. थोरल्यांनी स्वतः एकदा, तरुणपणी, एका शर्टाचा शेवटचा टाका दोन धुणी आधी घातला होता. हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. आणि ही पोर, जिच्या बाजूने निकाल लागला होता, तिने तो स्वतःच्या हाताने उलटा केला होता. आपल्या धाकट्या भावाने हे बघायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि वाटलं तसं ते खिडकीबाहेर बघत राहिले.

रीतीप्रमाणे आता निळं कापड आपोआप ठरायचं. दादाने गिरणीला फोन करायचा, बस. सगळे दादाकडे बघू लागले. दादाने फोन खिशातून काढला नाही.

त्याने आधी भोकाचं सांगितलं. आपण अठ्ठाविसाव्या धुण्यालाच पाहिलं होतं, बोट घालून पाहिलं होतं, आणि गप्प बसलो. म्हणजे चोरी एकटीची नाही. दुसरं, कापड कोपरावरच का गेलं, तर आपण दिवसभर काउंटरवर कोपर टेकवून फोनवर बोलतो; विणकराचा त्यात काय दोष. थोरले म्हणाले, गिऱ्हाईकसुद्धा कोपर टेकवतं, दोष मोजायचा नाही तर परीक्षा कशाला. ते बरोबर होतं. दादा थांबला.

"आणि पन्नास नाहीत झाली," मोठी मध्येच म्हणाली.

टाके मोठी घालायची. धुणं तिच्याकडे होतं, मोजणीही तिच्याकडे. तिने सांगितलं की निळा शर्ट बरोबर पन्नास वेळा धुतला. गवती चौपन्न वेळा. तिला वाटलं आपलंच मोजणं चुकतंय, वय झालं, म्हणून ती पाचव्या टाक्यावर थांबली. गुरुवारी धुतलेला शर्ट कधी कधी शनिवारीच परत बादलीत यायचा. आठवड्यातून एकदा घालायचा शर्ट तिचा लेक मध्येच पुन्हा घालत होता.

"आई," दादा म्हणाला.

"काय आई? तीन कपाटं भरून शर्ट आहेत तुझे. हाच सापडायचा तुला. एकदा तर मी दोरीवरून ओला काढताना पाहिलाय तुला."

धाकटी हसली, तोंडावर हात ठेवून, आणि मग चिमटीही. दादाची मान खाली गेली होती पण तोही हसत होता. व्यापाऱ्यांपुढे वर्षभर उभी केलेली त्याची बाजू त्याच्याच आईने दोन वाक्यांत झोपवली होती.

थोरले हसले नाहीत. त्यांनी निळा शर्ट उचलून धाकटीसमोर ठेवला. यालाही कधीतरी भोक पडेल, साठाव्या धुण्याला, ऐंशीव्या धुण्याला. तेव्हा याचं काय करशील, असं त्यांनी विचारलं.

धाकटीने कापड बोटात धरून बघितलंही नाही. काही करता येत नाही, ती म्हणाली. गुळगुळीत धागा जागेवर बसत नाही, पाचव्या दिवशी वर येतो, आणि आजूबाजूचं कापड गोळा होतं. तिने हे दहादा करून पाहिलं होतं. मिक्सचे शर्ट दुरुस्तीच्या टोपलीत येतच नाहीत. लोक ते सरळ टाकून देतात. कुठे टाकतात ते चिमटीने कुंडीतून काढून दाखवलंच आहे.

इतकं सलग ती पुढच्या खोलीत कधी बोलली नव्हती.

थोरल्यांनी कोपरावर आतून दुसरा थर लावायचा विचार मांडला. कापणारा माणूस कापूनच विचार करतो. धाकटीने नाही म्हटलं: थर संपतो तिथे नवी घडी पडेल आणि नेमकं तिथे तडकेल, एकाऐवजी दोन भोकं. थोरल्यांनी थोडा वेळ विरोध केला, मग बाही दुमडून पाहिली आणि विषय सोडला. कॉलर आणि कफ शुद्ध कापसाचे, हे मात्र त्यांनी ठरवून टाकलं. ते ठरवताना कापड निवडल्यासारखं बोलत आहेत हे आधी चिमटीच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही.

दादा बोलला. "लिहून विकू."

"काय लिहून?"

"कोपर झिजतं म्हणून. शर्टाच्या आत, मापाच्या चिठ्ठीखाली. झिजलं की आणा, काकू करून देईल. शर्ट चालतो आहे तोवर."

थोरले म्हणाले की आपल्या मालातला दोष आपणच शिवून विकणारा माणूस त्यांनी पाहिला नाही. दादा म्हणाला, मीही नाही पाहिला, म्हणून तर म्हणतोय. वीस वर्षं मी काउंटरवर उभा आहे. कापड कधीच फाटत नाही असं मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण मान हलवतो, विश्वास कुणीही ठेवत नाही. एकदा खरं सांगून बघू.

थोरल्यांनी वही पुन्हा उघडली. ज्या पानावर नापास लिहिलं होतं त्याच्या आधीची पानं त्यांनी चाळली, वडिलांच्या अक्षरापर्यंत मागे गेले. नियम पहिल्या पानावर होता. काय करायचं, किती धुवायचं, कुणी घालायचं, सुई लावायची नाही. नापास कापड घ्यायचं नाही, असं त्यात कुठेही नव्हतं. वडिलांना ते लिहायची गरज वाटली नसेल. किंवा वाटली असेल आणि त्यांनी ते मुद्दाम सोडलं असेल. वडील मोजके शब्द लिहायचे, चुकून कमी लिहायचे नाहीत.

"नापास ते नापास," थोरले म्हणाले. "ते खोडायचं नाही. चोरी झाली तीही लिहायची, नावानिशी. पुढची परीक्षा याच कापडाची पुन्हा, पहिल्या धुण्यापासून. दादाच घालील."

दादाने मान डोलावली.

"आणि कापड?" चिमटीने विचारलं.

"कापड हेच." त्यांनी हात वर केला. घरात कुणी आधी हात वर करायचा याचा एक क्रम होता आणि थोरले नेहमी शेवटी करत. मोठीचा हात त्यांच्या मागोमाग गेला, मग दादाचा. चिमटीला स्वतःच्या कापडाला मत द्यायचा हक्क नव्हता. धाकटी तशीच उभी राहिली, तेव्हा थोरले म्हणाले, "धाकटे, तुझा हात दिसत नाही." मागच्या खोलीचा हात आजवर कुणी मोजला नव्हता. तिने अंगुस्तानासकट तो वर केला.

दादा गिरणीला फोन करायला बाहेर गेला. काउंटरपाशी पोहोचल्यावर त्याने सवयीने कोपर टेकवलं आणि लगेच उचललं, आणि मग सरळ उभं राहून गिरणीच्या माणसाला सांगितलं की यंदा नको, आणि हो, पुढच्या वेळीही कठीणच दिसतंय. चिमटीने विणकरांना कळवलं. पलीकडून कुणीतरी मागच्या माणसाला ओरडून सांगितल्याचा आवाज आला आणि माग थांबल्याचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाल्याचा. ती फोन कानाला लावून तो ठोका ऐकत राहिली.

आत थोरल्यांनी मापांची काळी पाटी भिंतीवरून उतरवली होती. चिठ्ठीवर काय छापायचं ते त्यांना आजच ठरवायचं होतं. ठरलेली गोष्ट उद्यावर ठेवली की तिच्यात पाणी शिरतं असं त्यांचं मत होतं. त्यांनी खडूने लिहिलं, दादाने दोन शब्द खोडले, मोठीने एक परत लिहायला लावला. शेवटी पाटीवर असं उरलं:

हा शर्ट कापूस आणि जवसाचा आहे. याच्यात प्लास्टिक नाही. पन्नास धुण्यांच्या परीक्षेत हा नापास झाला. कोपरावर झिजतो. झिजला की आणा, रफू करून देऊ.

थोरल्यांनी मोठ्याने वाचलं. ठीक आहे, दादा म्हणाला. ठीक आहे, चिमटी म्हणाली, जरी नापास हा शब्द वाचताना तिला अजून टोचत होता. मोठीने ट्रे उचलला, चहा गार झाला होता.

"भाऊजी, एक राहिलं," धाकटी म्हणाली.

थोरल्यांनी खडू पुन्हा उचलला.

"रफू दिसणार नाही, असं लिहा."

दादा म्हणाला, काकू, असं लिहिलं तर लोक भिंग घेऊन येतील, दुकानात रांग लागेल भांडणाऱ्यांची. येऊ देत, असं ती म्हणाली.

"एवढी खात्री आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"सव्वीस धुणी झाली त्याच्यावर." तिने मोठीची चार जास्तीची धुणी धरली होती. "आणि आज तुमचा अंगठा तीनदा फिरला."

थोरल्यांनी पाटीकडे तोंड केलं आणि लिहिलं. ती ओळ बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात आली.